मागच्या सीटवरचं बोलणं

"काय म्हनलासा?" असं विचारत आप्पा उजव्या हाताचा तळवा कानामागे धरायचे आणि मान किंचित वळवायचे. प्रवाशाला, मला, चहावाल्याला, सगळ्यांना हाच प्रश्न.

बेळगावात आमच्या मालकांच्या टॅक्सी आहेत. गाड्या आणि ड्रायव्हर सांभाळणं हे माझं काम. आप्पा आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, वडगावच्या विणकर घरातले. ज्या घरात दिवसभर यंत्रमाग खडखडतो, तिथली माणसं कशी बोलतात ते तुम्ही ऐकलं असेल. ताटावर बसून मीठ मागितलं तरी गल्लीच्या टोकाला कळतं. आप्पांचा आवाज तसा. माग सोडून ते डिझेल टॅक्सीवर आले, म्हणजे एका खडखडाटातून दुसऱ्यात. कान ठणठणीत होते, त्या खडखडाटात त्यांना काम नव्हतं इतकंच; कानामागचा हात ही सवय.

मग मालकांनी डिझेलच्या गाड्या विकून हायब्रिड घ्यायचं ठरवलं. ड्रायव्हरांना शिकवणं माझ्याकडे आलं. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, निघताना ती बॅटरीवर निघते, घाबरायचं नाही, असं मी सगळ्यांना समजावलं. आप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी चन्नम्मा सर्कलला सिग्नल लागला, इंजिन थांबलं, आणि आप्पांनी खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना बाजूने पुढे जायची खूण केली. खाली उतरले, बॉनेट उघडलं. ट्रॅफिक पोलीस आला, तर त्यालाच ढकलायला लावलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "पोलीस चांगला हुता वो. गाडीच लबाड."

घरी त्यांचं कुणी नव्हतं. बायको वारलेली, मुलगा बेंगळुरूला, माग भंगारात गेलेला. सुट्टीच्या दिवशीही ते स्टँडवर येऊन बाकावर बसत. घरी आराम करा म्हटलं, तर म्हणाले, "कुनासंगं करू आराम? भिंतीसंगं?" आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो. अशा गोष्टी मला पुढे बरेच दिवस टोचत राहतात. ऑफिसातली मुलं म्हणतात, पाऊस पडला तरी साहेबांना आपलीच चूक वाटते.

नव्या गाडीची आप्पांना हळूहळू सवय झाली. पण एक गोष्ट माझ्या शिकवणीत नव्हती. गाडी गप्प झाल्यावर त्यांना मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू यायला लागलं. सगळंच्या सगळं.

एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, निपाणीत पोचलोच, दोन मिनिटांत आलो. पुढच्या सीटवरून वडगावचा आवाज आला, "अजून संकेश्वर हाय, मालक." पलीकडच्या माणसालाही तो ऐकू गेला. पहिली तक्रार ती.

उचगावची एक मुलगी मुलाखतीसाठी कोल्हापूरला निघाली होती. वाटेत उत्तरं पाठ करत होती आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होती. तवंदी घाट उतरेपर्यंत आप्पांनाही उत्तर पाठ झालं होतं. "दमानं सांग, पोरी. कोन पळून जातंय?" म्हणाले. तिनं तक्रार केली नाही. नोकरी लागल्यावर फोन करून आप्पा आहेत का विचारलं.

आणि एकदा शहापूरच्या एक बाई. कोल्हापूरच्या दवाखान्यातून परत येताना, आईचं आता काही खरं नाही असं फोनवर सांगून, तोंडाला पदर लावून रडत होत्या. आप्पांनी हत्तरगीजवळ गाडी बाजूला घेतली, चहा आणून दिला आणि आपल्याकडून हळू आवाजात म्हणाले, "माझी बी अशीच गेली. रडा, पर चा घ्या." टपरीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. संध्याकाळी बाईंचे भाऊ ऑफिसात आले. ड्रायव्हर आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडतो, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

मालकांनी मला बोलावलं. आणखी एक तक्रार आली तर आप्पांना घरी पाठवा, म्हणाले. घरी म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. म्हणून मी सगळ्यांसाठीच नियम केला: विचारल्याशिवाय प्रवाशाशी बोलायचं नाही. आप्पांची नोकरी वाचवायला केला. आजही तसंच म्हणतो.

आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "ऐकू आलं तरी ऐकू आलं नाही असं समजायचं."

ते किल्लीशी चाळा करत राहिले. "साहेब," म्हणाले, "मानसं रडत्यात वो मागं. मला आदी ठावंच न्हवतं."

त्यांनीच वर मला धीर दिल्यासारखं केलं. "बरं. न्हाय बोलत."

आणि बोलले नाहीत. तक्रारी थांबल्या. मालक माझ्यावर खूष झाले. त्या दिवसांत आप्पा स्टँडवरही फारसं बोलेनात. मग एका दुपारी किल्ली माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी पार्सलची पिकअप मागितली. आमची तेवढीच डिझेल गाडी उरली होती. नव्या गाडीत एसी आहे, पाठीला आराम आहे, मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ऐकून गप बसाय येत न्हाय मला. पार्सलं रडत न्हाईत."

वर्षभर त्यांनी निपाणीची पार्सलं नेली. मग पिकअपही विकली गेली आणि मुलगा येऊन आप्पांना बेंगळुरूला घेऊन गेला. जायच्या दिवशी मी ऑफिसच्या कामाने हुबळीला होतो. काम टाळता आलं असतं.

परवा मला निपाणीला जायचं होतं. आमचीच गाडी, नवा ड्रायव्हर, चांगला मुलगा आहे. काकती ओलांडली आणि मुलीचा पुण्याहून फोन आला. याही दिवाळीला जमणार नाही, म्हणाली. मी म्हणालो, असू दे, असू दे, काम महत्त्वाचं. तुझी आई आता सवय करून घेतेय. फोन ठेवला तेव्हा माझा आवाज नीट नव्हता, हे मलाच कळलं.

त्या मुलालाही कळलं असणार. आरशात त्याची नजर वर आली, माझ्यावर क्षणभर थांबली आणि परत रस्त्याकडे गेली. नियम त्याला पाठ होता.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडीत कसलाच आवाज नव्हता. हत्तरगी गेली, संकेश्वर आलं, तरी मी वाटच बघत होतो, की पुढून कुणी काही म्हणेल.