मी विरोधी पक्ष झालो

सांगायलाही लाज वाटते, पण चहा आहे तोवर सांगून टाकतो. मी आमच्या ग्रामसभेची संसद करायला निघालो होतो!

झालं काय, पंचायतीने सुक्या कचऱ्याची शेड नेमकी आमच्या कुंपणाला लागून बांधायची ठरवली. बायको आणि शेजारचा दत्ताराम घरोघर फिरले, हात जोडले, आणि 'शेड वरच्या पठारावर न्या' या ठरावाला सारा गाव तयार केला. माझ्याकडे काम एकच. हात वर करायचा.

पण निवृत्त कारकून ना मी! दुपारभर टीव्हीवर संसद बघणारा, लोकशाहीवरची जाडजूड पुस्तकं उशाला घेणारा. रविवारी दत्तारामाने ठराव मांडला, सरपंचबाई म्हणाल्या, "सगळ्यांक मान्य आसा न्हय?" आणि माझ्या अंगात अख्खं सभागृह संचारलं.

"थांबा! चर्चेशिवाय मंजुरी? समोर बसून प्रश्न विचारणारा कुणी नसेल, तर ती सभा कसली? ती जेवणाची पंगत!"

"मागीर तुमीच विचारात, भाऊ," मागून कुणीतरी घाई करत ओरडलं. "पूण बेगीन. बाजारात मासळी सोंपतली!"

विचारले की! पठारावर वीज कुठे आहे? पाणी कुठे आहे? पावसाळ्यात टेम्पो चढणार कसा? दत्ताराम माझा शर्ट ओढत होता. मला वाटलं, अजून बोला म्हणतोय. मग मी आवाज चढवला, "कचरा आपल्या सगळ्यांचा, आणि शेड मात्र दुसऱ्याच्या दारात? असं म्हणताना आपल्याला लाज कशी वाटत नाही?"

टाळ्या! माझ्या निरोपसमारंभालासुद्धा एवढ्या वाजल्या नव्हत्या.

मी नम्रपणे खुलासा केला, "हा केवळ चर्चेपुरता विरोध होता. माझं मत ठरावाच्याच बाजूने." आणि हात वर केला.

वर होते तीनच हात: माझा, बायकोचा आणि दत्तारामाचा. बाकी सभा हात मांडीवर ठेवून मोठ्या आदराने माझ्याकडे बघत होती.

"भाऊंनी आमचे दोळे उगडले," सरपंचबाई म्हणाल्या. "ठराव पडलो!"

घर येईपर्यंत बायको माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. पायरीवर मीच पुटपुटलो, "अगो, विरोधी पक्षाशिवाय लोकशाही म्हणजे..."

"संसदेतला विरोधी पक्ष निदान हरून घरी येतो," ती म्हणाली. "तुमी जिंकून आलात!"