बरोबरची खूण

हॉस्पिटलात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शिकवायचे बिकवायचे काही नाहीत, स्ट्रेचर ढकलायचे. बावीस वर्षं तेच काम. पण खिशात कायम इंग्रजीचं पुस्तक दुमडून ठेवलेलं, लिफ्ट यायला उशीर झाला की उघडलंच. म्हणून लिफ्टवाल्यानं ते नाव पाडलं आणि चिकटलं. एकदा म्हणे स्ट्रेचरवरचा पेशंटच बोलला, मास्तर, आधी मला खाली पोचवा, धडा मग वाचा. हे ते स्वतःच घरी येऊन बायकोला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

पण पुस्तकाचं खूळ उगाच नव्हतं. गुडघे गेले होते. चढावरून स्ट्रेचर वर नेताना उजवा गुडघा असा वाजायचा की पेशंट विचारायचा, कुठलं चाक निघालं का. हॉस्पिटलात तळमजल्याला जुन्या फायलींची खोली होती. तिथं खुर्चीवर बसून काम. फायली काढायच्या, लावायच्या, वरून डॉक्टरांचे फोन येतात ते ऐकून लिहून घ्यायचं. सगळं इंग्रजीत. तिथला माणूस वर्षभरात निवृत्त होणार होता आणि त्या जागी आतलाच कुणीतरी घेणार होते. अट एकच, इंग्रजीची परीक्षा पास हवी. तिच्यात व्याकरण, मग उतारा वाचून उत्तरं, मग नुसतं ऐकून उत्तरं. दोनदाच बसता येणार. पास झालं तर खुर्ची, नाही तर आहेच स्ट्रेचर जन्मभर.

पुस्तक आणलं त्याच दिवशी त्यांनी मागची उत्तरांची पानं पट्टी लावून फाडली आणि बायकोच्या हातात दिली. म्हणाले, ही तुझ्याकडे ठेव, मी मागितली तरी देऊ नको, माझा मला भरवसा नाही. तिनं ती दोऱ्यांच्या डब्याखाली ठेवली. ती सातवी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं पण ए बी सी डी ओळखता येत होतं, आणि तेवढंच लागत होतं. त्यांनी लिहिलेलं अक्षर आणि पानावरचं अक्षर एक असलं की बरोबरची खूण, नसलं की फुली. शेवटी बेरीज. यात चुकण्यासारखं काय आहे, लहान पोरसुद्धा करेल.

दुपारी दोनला त्यांची ड्यूटी सुटायची. जेवून, जरा पाठ टेकून चारला बसायचे. टेबल एकच. एका टोकाला तिची शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला त्यांचं पुस्तक. ती एका दुकानाचे पडदे शिवायची, नुसत्या कडा मारायच्या पण ढीग असायचा. व्याकरण आणि उतारे ते मशीनच्या आवाजात करायचे. ऐकायचा धडा आला की म्हणायचे, अगं दहा मिनिटं थांब. मग मोबाइलवर लावायचे. एक बाई तिकिटाच्या खिडकीवर काहीतरी विचारायची आणि आतला माणूस तोंडात गुळणी धरल्यासारखा उत्तर द्यायचा. दहा मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. इतक्या वेळा ऐकलं की तिला त्या बाईच्या बोलण्याची चाल पाठ झाली, अर्थ एका शब्दाचा कळत नसताना.

आधी तिनं इमानदारीनं बघितलं. विसात आठ. विसात नऊ. पुन्हा आठ. फुली दिसली की त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. मग तो तुकडा पुन्हा लावायचे, पुन्हा, सातसात वेळा, आणि मशीन बंद.

एका दिवशी दुकानदाराला पाचच्या आत पडदे हवे होते. मास्तरांनी वही पुढे केली. तिनं वरची आठ अक्षरं बघितली, त्यात तीन फुल्या पडल्या, आणि खालच्या बारांवर न बघताच बरोबरच्या खुणा करून टाकल्या. सतरा झाले. ते वहीकडे बघतच राहिले. मग उठले, स्वतः चहा केला, तिच्या पुढ्यात ठेवला आणि तिकिटाच्या खिडकीवर काय भानगड झाली ते सगळं हातवारे करून सांगितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, त्यांनी चहा केलेला तिला आठवत नव्हता. तिला वाटलं, आजच्या दिवस असू दे, उद्या नीट बघू.

उद्या नीट बघितलंच नाही.

आणि मग ती शहाणी झाली. सगळंच बरोबर दिसलं तर संशय येईल म्हणून मध्येच दोन-तीन फुल्या मारायची. कुठंही मारायची. ती फुली बरोबर उत्तरावरपण पडत असणार. आणि ते त्या उत्तरावर बसायचे, कान लावून पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि म्हणायचे, बघ, इथं मला शंका होतीच. म्हणजे त्यांना जे येत होतं तेपण ती पुसत होती. हे तिला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. तिनं मान खाली घालून कड मारली.

कामावर ते सांगत सुटले, सतरा-अठराच्या खाली येत नाही म्हणून. मुख्य नर्स समजूतदार होती. ती म्हणाली घाई करू नका, आणखी सहा महिन्यांनी बसा, तेव्हाही चालेल. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं. "तू सांग. उत्तरं तुझ्याकडे आहेत, तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आत्ता बसू का नंतर?"

ती म्हणाली, "बसा."

एवढंच म्हणाली. थांबा म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

निकाल ऑफिसच्या दाराला चिकटवला होता, येणारा जाणारा वाचेल असा. ऐकायच्या भागात विसात सहा. उतारे आणि व्याकरणाची तीच गत. लिफ्टवाल्यानं विचारलं, काय मास्तर, शाळा बुडवली का. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तो तसं बोलला, पण लिफ्टमध्ये चारपाच जण होते आणि सगळे हसले.

घरी आले ते चप्पल न काढता खुर्चीवर बसले. म्हणाले, "घरी सतरा, तिथं सहा. म्हणजे मला येतंय गं. मी घाबरतो. मला माहीतच नव्हतं मी घाबरट आहे."

तिची मशीन चालू होती. पाय काढला असता तर थांबली असती. तिनं पाय काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती खरं बघायला लागली. तिला वाटलं, अजून एकदा बसता येतंय, आता नीट तयारी होईल, जुनं कशाला काढायचं. सात आले. आठ आले. पुन्हा सात. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, संपलं, आता घरीपण घाबरायला लागलो. तिनं म्हटलं, अहो, होईल हळूहळू. तेवढंच. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या परीक्षेला नाव दिलंच नाही. पुस्तक रद्दीत गेलं. फायलींच्या खोलीतल्या खुर्चीवर हॉस्पिटलच्या धुलाईतला एक जण बसला, तो विसात बारा मिळवून पास झाला होता.

पुढे पाच वर्षं ते गुडघ्याला पट्टा बांधून स्ट्रेचर ढकलत होते. घाबरटपणाची त्यांनी स्वतःच गंमत करून टाकली. कुणी नवीन आलं की सांगायचे, मी घरचा वाघ, परीक्षेतली शेळी. माणसं हसायची. ती आत जाऊन उगाच भांडी लावायची. रोज वाटायचं आज सांगू. पण दिवस जातील तसं सांगणं जड होत गेलं, कारण आता नुसत्या खुणांचं सांगायचं नव्हतं, मधल्या गप्प बसण्याचंपण सांगायचं होतं.

एका सकाळी पट्टा बांधता बांधता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय होतं, गुडघ्याचा संबंध नाही. तिनं दोनदा विचारून घेतलं.

माणसं भेटायला येत होती. हॉस्पिटलातली आली, लिफ्टवाला आला, तो तर लहान मुलासारखा रडला. म्हणाला, मास्तरांसारखा माणूस नाही, एवढं येत होतं पण परीक्षेची भीती नडली बघा. तिथं त्यांची थोरली बहीण बसली होती. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्यांना वाढवलेलं. ती डोळे पुसत म्हणाली, "मला हेच कळत नाही. विहिरीत उडी मारायला घाबरला नाही, कुत्र्यांना घाबरला नाही. परीक्षेलाच कसा घाबरला? माझंच काहीतरी चुकलं असणार, लहानपणी फार मारायचे मी त्याला अभ्यासावरून."

ते बायकोनं ऐकलं. आजवर तिनं नवऱ्याला गप्प राहून मारलं, आता ही म्हातारी तो दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन जाणार होती. लिफ्टवाला समोर होता, धुलाईतली एक बाई होती, तरी ती बोलली.

"ताई, ते घाबरट नव्हते. त्यांची उत्तरं चुकायची, आणि मी न बघता बरोबरच्या खुणा करायचे. त्यांना वाटायचं येतंय. मीच बसा म्हणाले."

लिफ्टवाला जमिनीकडे बघायला लागला. ताईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"पाच वर्षांत?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगतेस?"

ताई उठल्या, पदर सारखा केला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या. ती तिथंच बसून राहिली. जरा वेळानं धुलाईतल्या बाईनं पाण्याचा पेला आणून दिला, तो तिनं हातात धरून ठेवला. पलीकडून ताईंच्या रडण्याचा आवाज येत होता. सकाळपासून त्या रडत होत्याच, पण हे रडणं वेगळं होतं, भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं. उठून जवळ जावं असं तिला वाटलं, पण आपला हात त्यांना चालेल का, ते तिला ठरवता येईना.