हिमनदीवर संध्याकाळी साडेपाचला

सदानंदने सहलीचा आराखडा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तेव्हा मी कुवेतमधल्या जाब्रियाच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसले होते. समोर पेशंटची रांग, फोन वाजतोय, आणि मी आपली एकाच ओळीकडे बघत बसलेली. ‘हिमनदीवर चालणे: संध्याकाळी साडेपाच.’ तिच्या वर लिहिलं होतं, ‘अकरा ते चार: हॉटेलमध्ये विश्रांती. कोणीही बाहेर पडू नये.’ सगळे दिवस हेच.

मी कपाळाला हात लावला. अहो, जॉर्जियातला डोंगराळ भाग, जिथे जूनमध्येसुद्धा लोक स्वेटर घालून फिरतात, तिथे हा माणूस आम्हाला भर दुपारी पडदे ओढून झोपवणार होता. शेजारी उभ्या असलेल्या मालनताईला मी फोन दाखवला. मालनताई आमच्याच दवाखान्यात नर्स आहे, मूळची रत्नागिरीची, आणि सहलीला येणाऱ्यांपैकी एक. तिने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, “गो वासंती, तुझा नवरा बर्फ बघायला चाललाय की बर्फापासून लपायला?”

काय सांगणार कप्पाळ. वीस वर्षं मी हे भोगतेय.

सदानंद माझा नवरा. आम्ही मंगफला राहतो. तो इथल्या एका कंत्राटदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. जून ते ऑगस्ट, अकरा ते चार, उघड्यावर काम करायला कुवेतमध्ये सरकारी बंदी असते, आणि ती पाळली जातेय की नाही हे बघणं हे सदानंदचं काम. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं तेव्हा, हा एकटा गाडी घेऊन साइटवर फिरत असतो. कोणी मुकादमाच्या धाकाने पाइपांमागे वेल्डिंग करत बसलंय का, सावलीत गार पाणी ठेवलंय का, सगळे आत आले का. मोजतो, परत मोजतो. फार पूर्वी एक वेल्डर मोजणीतून सुटला होता. सापडला तेव्हा शुद्धीवर नव्हता. वाचला तो, नंतर गावी गेला, आजही दिवाळीला फोन करतो. पण सदानंदची मोजणी तेव्हा जी सुरू झाली ती काही थांबली नाही.

बरं, साइटवर सगळ्यांना आत घालून हा बाहेर राहतो, ते मी समजू शकते. ते कामच आहे. पण सहलीला गेलो की नेमकं उलटं होतं. फैलाका बेटावर गेलो, आम्ही बेट बघितलं, याने पिशव्या बघितल्या. ओमानमध्ये सलालाला आम्ही सगळे पाण्यात, हा काठावर सगळ्यांच्या चपला आणि पाकिटं घेऊन उभा. आमच्या सहलींचे धड फोटोसुद्धा नाहीत, कारण भिजू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन याच्याच बॅगेत. “कोणीतरी थांबायला हवं ना,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले. आम्ही जिथे असतो तिथे हा नसतो, आणि वर म्हणतो की सगळं आमच्यासाठीच.

या खेपेचं प्रकरण मात्र वेगळं होतं. आमची मुलगी अंतरा. एकुलती एक, जन्माने इथलीच. बारावी झाली आणि जुलैत ती पुण्याला कॉलेजला निघणार होती. त्यानंतर ती मंगफच्या घरी येणार ती सुट्टीपुरती, पाहुण्यासारखी. हे तिलाही कळत होतं आणि मलाही, फक्त आम्ही बोलत नव्हतो. परीक्षा संपल्यावर सदानंदने तिला विचारलं, तुला काय हवं? फोन, लॅपटॉप, काय? ती म्हणाली, “आय वॉन्ट टू वॉक ऑन अ ग्लेशियर. विथ बाबा.”

मी ‘विथ बाबा’ ऐकलं. सदानंदने ‘ग्लेशियर’ ऐकलं आणि तो कामाला लागला.

जॉर्जिया ठरलं ते चौथ्या मजल्यावरच्या रितेशमुळे. रितेश आणि त्याची बायको समिधा, दोघंही बँकेत आयटीवाले, उत्साही आणि बिनधास्त. इथल्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही, विमान थेट आहे, आणि तिथे मेस्तिया नावाच्या गावाजवळ हिमनदी अगदी चालत जाण्यासारखी आहे, एवढं त्याने सांगितलं. पुढचं सगळं सदानंदने ओढून घेतलं. दर गुरुवारी रात्री आमच्या हॉलमध्ये बैठक. रितेशला घोड्यावर बसायचं होतं, तर घोडेवाल्यांकडे हेल्मेट नसतात म्हणून ते रद्द. समिधाला ओढ्याकाठी डबा खायचा होता, तर ओढ्याकाठी दगड निसरडे म्हणून डबा हॉटेलात. मालनताईला केबल कारमध्ये बसायचं होतं. त्यावर सदानंदने केबल कारची तपासणी शेवटची कधी झाली, असा प्रश्न थेट तिथल्या गाईडला पाठवला. बिचाऱ्याने हसरा चेहरा पाठवला. सदानंदला ते उत्तर वाटलं नाही.

आणि साडेपाचचं ते प्रकरण. गाईडने अगदी नम्रपणे लिहिलं होतं की साहेब, दिवसभर बर्फ वितळतं आणि संध्याकाळी वाटेतला ओढा फुगतो, तर सकाळी निघा, दुपारी बर्फावर असाल, दुपार फार सुंदर असते. सदानंदने ते वाचलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

“बेजबाबदार माणूस आहे. दुपारी बाहेर काढतोय लोकांना.”

“अरे, तिथे चौदा डिग्री असतात दुपारी,” रितेशने फोनवर तापमान काढून दाखवलं.

“चौदा असलं म्हणून काय झालं? ऊन ते ऊन. गार वाटतं म्हणून लोक टोप्या काढतात, पाणी पीत नाहीत, आणि बर्फावरून ऊन उलटून तोंडावर येतं.”

यातला वैताग असा की हे खोटंही नसतं. त्याचं प्रत्येक वाक्य सुटं सुटं बरोबर असतं आणि सगळी मिळून डोक्याला ताप होतो. वीस उन्हाळे इथे काढले की माणसाच्या डोक्यात दिवस संध्याकाळी चारला सुरू होतो, हे त्याला कोणी समजावायचं? मी नाद सोडला. अंतरा सोफ्यावर पाय घेऊन सगळं ऐकत होती.

मग बूट आले. शुक्रवारच्या बाजारात इथे जुनी जाकिटं, जुने बूट ढिगाने मिळतात. युरोपात कुणी कुणी टाकलेले असतात म्हणे. सदानंद सकाळीच जाऊन घेऊन आला. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून त्याने बूट ओळीने मांडले, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. मालनताई, रितेश, समिधा, वासंती, अंतरा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

“तुझे कुठेत?”

“मला कशाला? मी तळावर थांबणार.”

“कसला तळ?”

“खाली, पार्किंगमध्ये. गाडी, बॅगा, पासपोर्ट. कोणीतरी थांबायला हवं ना.”

माझ्या हातात सुरी होती, ती मी आधी ओट्यावर ठेवून आले. “सदानंद, अंतराने काय मागितलं होतं तुझ्याकडे?”

“ग्लेशियर.”

“आणि?”

“आणि काय?”

मी हात टेकले. खरंच सांगते, त्या क्षणी मला रडूच येत होतं, आणि रडले असते तर याने विचारलं असतं की कांदा आहे का. अंतरा तिच्या खोलीतून बाहेर आली, तिने ती ओळ पाहिली, आपल्या नावाचे बूट उचलले आणि आत गेली. दार तिने अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारी रंगीत तालीम. हो, तालीम. बूट आणि जाकीट घालून सगळ्यांनी अबू हलीफाच्या समुद्रकाठी चालायचं, असा सदानंदचा हुकूम होता. वेळ अर्थातच मगरिबनंतरची, म्हणजे सूर्य मावळल्यावरची. तरी मे महिन्यातली संध्याकाळ ती, घामाच्या धारा लागलेल्या, आणि आम्ही पाच जण बर्फाच्या तयारीत वाळूत उभे. मुलं खेळ सोडून आमच्याकडे बघत होती. घडीची खुर्ची टाकून बसलेल्या एका कुवेती आजोबांनी विचारलं, “वेन रायहीन?” म्हणजे कुठे निघालात. सदानंद गंभीरपणे म्हणाला, बर्फावर. आजोबांनी देवाचं नाव घेतलं आणि थर्मासमधला चहा पुढे केला.

सदानंदने शिट्टी गळ्यात अडकवली आणि साइटवर रोज सकाळी देतो तसं भाषण दिलं. “प्रत्येकाला जोडीदार आहे. जोडीदाराशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही. जोडीदार थांबला तर आपण थांबायचं. रितेश आणि समिधा. वासंती आणि मालनताई. अंतरा आणि गाईड.” मग तो आमच्या पिशव्यांपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने शिट्टी फुंकली.

आम्ही चौघं निघालो. थोडं गेल्यावर मालनताईने मला कोपराने ढोसलं. मागे पाहिलं तर अंतरा निघालीच नव्हती. ती पिशव्यांशेजारी फुटपाथच्या कडेला बसली होती, बुटांचे पाय पुढे पसरून.

सदानंदने पुन्हा शिट्टी वाजवली. “अंतरा, चल.”

“माझा जोडीदार थांबलाय,” ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. ही मुलगी, जिला मी मराठीत दहा वाक्यं बोलावीत तेव्हा इंग्रजीत एक उत्तर मिळतं.

“तुझा जोडीदार गाईड आहे. तो मेस्तियाला आहे.”

“त्याला मी ओळखत नाही, बाबा. नियम तूच सांगितलास. जोडीदार थांबला तर आपण थांबायचं.”

आम्ही चौघं तिथेच वाळूत थबकलो. तिचा आवाज चढला नव्हता, पण समुद्राच्या बाजूने वारा नव्हता आणि सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. ती म्हणाली, “मी पुण्याला गेले की तू मला रोज मोजणारेस. पोचलीस का, जेवलीस का, रूमवर आलीस का. मला माहितेय. मोज तू, आय डोन्ट माइंड. पण तेव्हा तू इथे असणार आणि मी तिथे. आत्ता एकदा तरी माझ्याबरोबर चल ना.”

सदानंद शिट्टी हातात धरून उभा. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. बापाने बोलावं असं काहीतरी.

तो म्हणाला, “आणि बॅगा?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथे जाऊन काय बोलले असते कोण जाणे, पण मालनताईने माझा दंड घट्ट धरून ठेवला. अंतरा उठली, तिने बूट काढले, दोन्ही जोडून पिशव्यांशेजारी नीट ठेवले आणि अनवाणी जाऊन गाडीत बसली. तालीम संपली.

तो आठवडा आमच्या घरात कोणी सहलीचं नाव काढलं नाही. गुरुवारची बैठक झाली नाही. सदानंद जेवायचा, ताट उचलायचा आणि झोपायला जायचा. माझं बोलून संपलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो कुठेतरी गेला आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन परत आला. पिशवीतून बूट काढले. भले मोठे, तपकिरी, एकाची नाडी वेगळ्या रंगाची. त्यांच्यावर चिकटपट्टी नव्हती.

“एक नंबर मोठे आहेत,” कोणाकडेही न बघता तो म्हणाला. “दोन मोजे घालीन. आणि वासंती, त्या गाईडला कळवलंय, सकाळी निघतोय आपण. दुपारी वर असू. बॅगा हॉटेलातच राहतील.”

मी काही म्हणायच्या आत त्याने अंतराच्या दारावर टकटक केलं. “अंतरा, बूट घाल. नवे बूट पायाला सवयीचे करावे लागतात, नाहीतर फोड येतात. चल, बकाल्याच्या दुकानातून दही घेऊन येऊ.”

मी घड्याळाकडे पाहिलं. “आत्ता? अरे, बारा वाजलेत. बाहेर भट्टी पेटलीय.”

“बंदी एक जूनपासून असते,” सदानंद नाड्या बांधत म्हणाला. “अजून मेच आहे.”

वीस वर्षं हा माणूस मला मेमध्ये दुपारी कपडे वाळत घालायला बाल्कनीत जाऊ देत नाही. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण अंतरा बूट घालून दारात उभी होती.

दोघं खाली उतरले. धुळीसाठी चिकटपट्टी लावून बंद केलेली खिडकी मी ओढून उघडली आणि टोपी तरी घाला म्हणून ओरडले. कोणी वर पाहिलं नाही. रस्त्यावर दुसरं कोणीच नव्हतं. जड बुटांनी दोघं बदकांसारखी चालली होती, आणि अंतरा हातवारे करून काहीतरी सांगत होती. नाक्यावर सदानंद सवयीने थांबला आणि कोणी राहिलंय का म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती त्याच्या शेजारीच होती.

परत आले तेव्हा दोघांचे चेहरे लालबुंद झाले होते. दही आणायचं विसरले होते.