एकाहत्तरची पहिली

“एकाहत्तर?” मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या डेंटिस्टचा पेशंट म्हणे न सांगता तोंड उघडून बसला.

माझं ऑफिस रामदासपेठेत. परदेशी विद्यापीठांत जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज मी मार्गी लावते. समोर बसली होती कन्हानची मृणाल. बारावीत शिकणारी. तिला इंग्लंडमध्ये गणिताची पदवी करायची होती, तीही जिथे एकेका जागेसाठी झुंबड उडते अशा विद्यापीठात. तिथली एक अट आपल्याकडच्या माणसाला चमत्कारिक वाटते. बोर्डाची परीक्षा व्हायच्या आधीच कॉलेजनं लिहून द्यायचं, की मुलीला किती मार्क मिळतील. हे ‘प्रेडिक्टेड मार्क्स’. गणितात पंच्याण्णवच्या खाली अंदाज असेल, तर अर्ज बाद. शुक्रवारी मुदत संपत होती, आणि कॉलेजचा अंदाज होता एकाहत्तर.

“मॅडम, मी कॉलेजात पहिली आहे,” मृणाल पुटपुटली.

“एकाहत्तरला पहिली?”

“दुसऱ्या नंबरला चौसष्ट आहेत.”

तिच्याबरोबर आलेले बाबा मात्र निवांत होते. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे त्यांचं. म्हणाले, “चांगलेच त आहेत, मॅडम. मले गणितात बत्तीस होते.”

दोघांना गाडीत घातलं आणि थेट कन्हान गाठलं. गणिताचे गावंडे सर स्टाफरूममध्ये भेटले.

“सर, हा अंदाज कसा काढला?”

“अंदाज काढाले मी काय पोपटवाला आहो का? प्रिलिमचे मार्क होते, ते लिहून देल्ले.”

प्रिलिम म्हणजे बोर्डाआधी कॉलेज घेतं ती सराव परीक्षा.

“मग बोर्डात किती पडतील?”

“हिले? सत्त्याण्णव कुठं गेले नाहीत.”

“मग एकाहत्तर कुठून आले?”

सर खुर्चीत रेलले. “मॅडम, प्रिलिमले भरभरून देल्ले, की पोट्टे संक्रांतीपासून परीक्षेपर्यंत पतंगच उडवतात. म्हणून कापतो. एक पायरी गाळली, कापा. आकृतीची रेघ जाड आली, कापा. उत्तर फारच बरोबर आलं, तरी थोडे कापा.”

मी तिथूनच विद्यापीठात फोन लावला. पलीकडच्या बाई फार सभ्य होत्या.

“म्हणजे तपासणी चुकली?”

“नाही, मुद्दाम तशी केली.”

“मग मुलीची योग्यता एकाहत्तरची?”

“नाही, सत्त्याण्णवची.”

त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा विचारून लिहून घेतले. मग त्या म्हणाल्या, “शिक्षकांनी हे लेखी द्यावं. आधीच्या मुलांचे प्रिलिमचे आणि बोर्डाचे मार्क जोडावेत. आम्ही विचार करू.”

गावंडे सरांनी हात झटकले. “लिहून देल्लं, तर उद्या साऱ्या कन्हानले समजन. मग प्रिलिमले कोण भिते?”

बाबा पुढे सरसावले. “काहून असं करता, सर? पोरीचं सारं अडून राहिलं ना!”

सर हलेनात. तेवढ्यात मृणाल बोलली. “सर, म्हणजे माझा पेपर बरोबर होता?”

“बरोबरच होता वं.”

“मी तो रोज सोडवून राहिली. चूकच सापडेना. मले वाटलं, जिले आपली चूकही दिसत नाही, तिनं गणिताले जाऊच नये. अर्ज नका पाठवू, हेच सांगाले आज मॅडमकडे आली होती.”

गावंडे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कपाटातून जुन्या निकालांची फाइल काढली आणि खिशातलं पेन उघडलं.

पत्र गेलं, तेही वेळेत. विद्यापीठानं जागा देऊ केली, बोर्डात पंच्याण्णव मिळवायच्या अटीवर. मृणालला अठ्ठ्याण्णव मिळाले. मी सरांना फोन केला, तर ते नाराज! “एक मार्क जास्त कसा आला? बोर्डवाले ढिलं तपासून राहिले.”

या धंद्यात मी एक शिकले. मार्क किती, हे विचारण्याआधी तपासणारा कोण, हे विचारावं.

सरांची भीती मात्र खरी ठरली. साऱ्या कन्हानला समजलं, तेव्हा सरांनी कापणंच सोडलं. पुढच्या प्रिलिमनंतर त्यांच्या दारात पालकांची रांग लागली आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं. “सर, आमच्या पोट्ट्याले अठ्ठ्याऐंशी कसे काय देल्ले? एकाहत्तर करून द्या ना गा!”