शबानाने सोडलेली जागा

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. ऑडिटच्या दिवशी मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे दुपारी तीनला जेवायला सुटले तेव्हाच फोन हातात आला. शबानाचे अकरा मिस्ड कॉल. मला जरा हसूच आलं, एवढी घाई तिला कधी नसायची. जिन्यात उभी राहून मी फोन लावला आणि म्हटलं, "अगं, काय आग लागलीय?" पलीकडे तिचे अब्बा होते, लतीफचाचा. "बेटी," ते म्हणाले, "शबाना गेली… सकाळी गॅरेजमध्येच खाली बसली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन आहे. तू येशील ना?" मी हो म्हटलं. चाकणहून निघाले, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, आणि कासारवाडीत तिच्या घरी पोचले तोवर पुरुषमंडळी तिला घेऊन गेली होती. आत बायका बसल्या होत्या, कुणीतरी सरकून मला जागा दिली. तिचा चेहरा काही मला बघायला मिळाला नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

परभणीहून इंजिनिअर होऊन मी चाकणच्या या कंपनीत लागले, तेव्हा शबाना अत्तार मेजरिंग रूमची प्रमुख होती. ब्रेकचे सुटे भाग तयार झाले की ते मापून पाहायचं आमचं काम. खोली इतकी थंड ठेवलेली की भर मे महिन्यात आम्ही दोघी स्वेटर घालून बसायचो. पहिल्याच आठवड्यात मी एक भाग तीनदा मापला, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, आणि त्यातला बरा दिसणारा मी वहीत लिहिला. ती मागे उभी होती. "तिन्ही लिही," ती म्हणाली. "आकडा निवडायचा नसतो, आला तो लिहायचा असतो." मला तिची भीती वाटली. पुढे कंपनीच्या बसमध्ये मी रहाटणीला चढायचे, ती नाशिक फाट्याला, आणि जागा धरता धरता कधीतरी शबाना मॅडमची शबाना झाली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पंचविशीतच लग्न मोडून वडिलांकडे परत आलेली. त्याबद्दल ती बोलत नसे आणि मी विचारलं नाही. लतीफचाचांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि मेकॅनिकची मुलगी इंजिनिअर झाली याचा त्यांना केवढा अभिमान! मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्यांनी मला आधी तिचं पदवीचं सर्टिफिकेट दाखवलं, मग पाणी विचारलं.

चार वर्षांपूर्वी कंपनीने जाहीर केलं की आमच्या विभागातून एकाला एमटेकला पाठवणार. दर शनिवारी सुटी, फी कंपनीची. नावं दोनच होती, तिचं आणि माझं. ती सीनियर, तिला जागा मिळाली. मी स्वतः पेढे आणून वाटले आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. मला ते शिक्षण हवं होतं. पण तिला मिळालं हे बरोबरच आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं आणि ते जवळजवळ पटलंही होतं. दीड वर्षाने तिने एमटेक अर्धवट सोडलं. नोकरीचाही राजीनामा दिला. अब्बांना आता झेपत नाही, गॅरेज बघायला कुणी नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं. त्यावर आमचे तेव्हाचे साहेब मीटिंगमध्ये सर्वांसमोर म्हणाले, "बायकांना पाठवून काय उपयोग? शेवटी घरीच बसणार," आणि ती योजनाच बंद करून टाकली. त्या संध्याकाळी बसमध्ये मी तिला म्हटलं, "तुला नको होतं तर तेव्हाच सांगायचं होतंस. माझं काय?" खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "चुकलं माझं." एवढंच. तिच्या नोटिशीचा उरलेला महिना मी दोन सीट पुढे जाऊन बसले. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही.

बोलणं सुरू झालं ते माझी स्कूटर बंद पडली म्हणून. नाशिक फाट्याजवळ गाडी थांबली ती काही केल्या चालू होईना. जवळचं गॅरेज तिचंच, कासारवाडीतलं. मी आधी पुढे ढकलत निघाले होते, पण ऊन फार होतं. ती दारातच होती, सलवारवर वडिलांचा जुना शर्ट, हात कोपरापर्यंत काळे. तिने गाडी आत घेतली. लतीफचाचा चहा घेऊन आले आणि मला म्हणाले, "मेकॅनिकची पोरगी इंजिनिअर झाली तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली. आता इंजिनिअरची मेकॅनिक झाली, सांग, काय वाटू?" ती खाली मान घालून हसली. ते गेल्यावर, गाडीवरची नजर न काढता, ती म्हणाली, "अब्बांसाठी सोडलं नाही मी. ते तर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. थकले होते गं. वर्गात बसायचे, फळ्यावरचं सगळं कळायचं. पण मला ते कशाला हवंय, ते कळायचं नाही. लहानपणापासून पहिला नंबर येत गेला म्हणून पुढे पुढे जात राहिले… तुला हे तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली."

"आणि इथे थकत नाहीस?" मी विचारलं.

"थकते ना. बाई बघून गिऱ्हाईक परत जातं, तेव्हा तर जास्तच. पण संध्याकाळपर्यंत चार गाड्या चालू होऊन जातात."

यंदा नवे साहेब आले, त्यांनी ती योजना पुन्हा सुरू केली आणि माझं नाव पुढे केलं. मी अडतिसाव्या वर्षात. मुलगी आठवीत, नवरा भोसरीला शिफ्टमध्ये. त्यातच माझ्या नणंदेने रहाटणीत क्लास काढलाय, तिला गणित शिकवायला कुणीतरी हवं होतं. कंपनी सोड, दुपारपर्यंत मोकळी होशील, रोजचा चाकणचा प्रवास वाचेल, असं घरात सगळेच म्हणत होते, आणि खोटं नव्हतं ते. रात्रपाळीचा नवरा आणि दिवसपाळीची बायको, आम्ही एकमेकांना फ्रिजवर चिठ्ठ्या लावून भेटायचो. एका रविवारी सकाळी एमटेकचा कोरा फॉर्म घेऊन मी शबानाकडे गेले. "तूच सांग," मी म्हटलं.

"मला नको विचारू. मी सोडलं म्हणून तू सोडू नकोस, आणि मी सोडलं म्हणून धरूही नकोस." मग म्हणाली, "ती जागा तेव्हा गेली, त्याचा अजून राग येतो तुला?"

"नाही," मी म्हटलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"येतो," मी म्हटलं.

"मी राजीनामा दिला ना, त्या दिवशी घरी येऊन जेवले आणि झोपले. काहीच वाटलं नाही. तुला अजून राग येतो… म्हणजे हवी तुलाच होती, वैशाली."

तेवढ्यात कुणीतरी गाडी घेऊन आलं आणि ती उठली. ती आमची शेवटची भेट. नवव्या दिवशी तो फोन आला.

ती गेली म्हणून मी लगेच सही केली असं नाही. दोन आठवडे फॉर्मला हात लावला नाही. शेवटच्या तारखेला, कुकर लावून, ओट्यापाशी उभ्या उभ्याच सही केली. नणंदेला नाही म्हणून कळवलं, ती अजून नीट बोलत नाही. तीन शनिवार झालेत. वर्गातली बाविशीतली मुलं मला आधी प्राध्यापकच समजली आणि उठून उभी राहिली. दुसऱ्या तासाला पाठ धरते, निम्मं डोक्यावरून जातं, रविवारी कपडे आणि जर्नल दोन्ही पडलेली असतात. शबानाचं बरोबर होतं का, मला माहीत नाही. राग येणं आणि हवं असणं एकच असतं का? या थकव्यात ते ठरवताही येत नाही. पण अजून तरी शनिवारी सकाळी जाऊ नये असं वाटलेलं नाही.

गेल्या शनिवारी कॉलेजहून येताना कासारवाडीला उतरले. लतीफचाचांनी गॅरेज पुन्हा उघडलंय. पंक्चर, ऑइल बदलणं, एवढंच घेतात. मागच्या भिंतीवर शबानाने पांढऱ्या रंगाने प्रत्येक पान्याची आकृती काढून ठेवलीय, आमच्या मेजरिंग रूममध्ये असायची तशी, प्रत्येक आकृतीच्या डोक्यावर एक खिळा. चाचांची सगळी हत्यारं जन्मभर एका गोणपाटात असायची. या भिंतीवरून त्यांनी तिच्याशी भांडण केलेलं मला तिनेच सांगितलं होतं. आता शटर ओढायच्या आधी ते एकेक पाना उचलून भिंतीपाशी नेत होते. पान्यावरचे नंबर त्यांना दिसत नाहीत, म्हणून आकृतीवर टेकवून बघायचं, नाही जुळलं तर शेजारच्या आकृतीवर. मी मदतीला उठले, तर म्हणाले, "बस बेटी, दमून आलीस. होतंय माझं." मी बसले. एक पाना त्यांनी तीन ठिकाणी लावून बघितला, चौथ्या जागी बरोबर बसला, आणि ते पुढचा उचलायला वाकले.