थोडा वेगात होता तो

भाद्रपद सरत आला की आमच्या सांडोरच्या वाडीतल्या पावसाचा आवाज बदलतो. आषाढातला पाऊस केळीच्या पानांवर थापा मारत येतो, पानं फाडून टाकतो, पाटाचं पाणी गढूळ करून निघून जातो. हा मात्र पानावर नुसता येऊन बसतो, पिठासारखा बारीक, आणि मधल्या शिरेवरून एकेक थेंब होऊन ओघळतो तेव्हा कान देऊन ऐकावं तरच ऐकू येतो. मातीलाही तेव्हा कुजत्या पाल्याचा, शेवाळाचा, किंचित आंबूस असा दर्प असतो. पूर्वी मला तो आवडायचा. गेली सहा वर्षं तो आला की माझा उजवा हात आपोआप काहीतरी धरायला पुढे होतो.

माझा जावई विल्सन म्हणायचा की मोटरसायकलवाल्याचा खरा वैरी धो धो पाऊस नव्हे, ही रिमझिम. “पप्पा, मोठा पाऊस रस्ता धुऊन काढतो. हा नुसता भिजवतो. तेल, माती, शेण, सगळं वर आणून ठेवतो आणि आपल्याला सांगतो, ये आता.” अशा दिवसांत तो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चाक नेत नसे, गटाराची लोखंडी झाकणं टाळत असे, सागाची मोठाली पानं पडलेली दिसली की दुरूनच वेग कमी करत असे. चाळीसच्या वर त्याचा काटा गेलेला मी पाहिला नाही. गावातली मुलं त्याची टर उडवत. त्याने थांबून “येतोस का रे, सोडतो” असं विचारलं की म्हणत, “नको अंकल, आज जरा घाई आहे, चालतच जातो.” तो हसून पुढे जाई, त्याच गतीने.

हे एवढ्या तपशिलाने लिहिण्याचं कारण असं की आज आमच्या घरात, नात्यात आणि चर्चच्या आवारातही हाच विल्सन बेफाम गाडी चालवणारा माणूस म्हणून ओळखला जातो. आणि ही ओळख त्याला मी दिली आहे.

आमच्या वाडीत तीस वर्षं राबलेला बाळू तुंगारच्या डोंगरातल्या एका पाड्यावर राहायचा. माझी बायको गेली तेव्हा माझ्यापेक्षा जास्त तो रडला होता. तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि त्याच रविवारी मिस्साहून आल्यावर मी विल्सनला म्हणालो, आज जाऊन येऊ. माझी मुलगी रिटा नको म्हणत होती. “पाऊस थांबू दे की पप्पा. पुढच्या रविवारी जा.” मी ऐकलं नाही. चौतीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला आपला शब्द खाली पडू न देण्याची वाईट खोड लागते. मी हट्ट धरला म्हटल्यावर विल्सन गाडी पुसायला गेला. रिटाने मला रेनकोट चढवला, लहान मुलाला लावावीत तशी त्याची बटणं लावली आणि ती आत वळली. तेवढ्यात पडवीतल्या खुंटीवरची माझी काळी, लांब दांड्याची छत्री मी काढून घेतली. शाळेत जाताना ती बारा महिने माझ्या हातात असे. ती नसली की हात मोकळा नव्हे, अपुरा वाटायचा.

विल्सनने छत्री पाहिली. “ही कशाला पप्पा?”

“काठी म्हणून.”

“असू दे. पण चालत्या गाडीवर उघडायची नाही हां. वारा पकडेल.”

मी मान डोलावली. वर्गातली मुलं माझ्यापुढे डोलवत, तशी.

माझ्या मांडीवर बाळूसाठी घेतलेली नवी चादर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. स्टेशनजवळचा पूल ओलांडून आम्ही वालीवला आलो तेव्हा विल्सनने त्याच्या कारखान्याच्या बंद दाराकडे मान किंचित वळवून पाहिलं. तिथे तो डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवायचा. यंत्राने कापलेल्या पोलादावर शेवटचा हात कानशीचा असतो आणि तो हात त्याचा असे. केसाएवढा उंचवटा त्याच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा. हमरस्ता मागे पडला, कारखान्यांचे पत्रे संपले आणि डोंगराची गार, ओली हवा अंगावर आली. दोन्ही बाजूंना कारवी दाटली होती, सागाच्या मोहराचा फिका पिवळा सडा रस्त्यावर पडून भिजून काळा झाला होता, आणि दगडादगडातून पाणी इतक्या ठिकाणी झिरपत होतं की डोंगरालाच घाम फुटल्यासारखा वाटत होता. जिथे ओहोळ रस्त्यावरून वाहत होता तिथे विल्सन मला उतरवी, आधी गाडी पलीकडे नेई, मग हात धरून मला आणी. दोनदा असं झालं. मला त्याचा थोडा रागच आला; एवढं काय सांभाळायचं.

पाड्याआधीचा शेवटचा चढ सिमेंटचा होता, उभा, आणि वापरात नसलेल्या विहिरीच्या पायरीसारखा हिरवा. विल्सन पायथ्याशी थांबला. “पप्पा, इथेही उतरता का? चढ निसरडा आहे.”

“गुडघे दुखतायत रे. चल हळूहळू.”

तो हळूहळूच निघाला. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जवळजवळ जमिनीला टेकवत, चाक शेवाळाच्या कडेकडेने नेत. अर्धा चढ आम्ही चढलो. तिथे पाऊस थोडा दाट झाला, कागदाची शाई माझ्या बोटांना लागू लागली, आणि नवी चादर ओली कशी द्यायची असा विचार मनात आला. एवढाच विचार होता. मी छत्री उघडली.

तिथे दोन टेकड्यांच्या मध्ये खिंड आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. पण त्या वाटेने मी बाळूच्या मुलांच्या लग्नांना गेलो होतो आणि तिथल्या वाऱ्याने उडालेली टोपी एकदा हसत हसत गोळाही केली होती. वारा आला, छत्री उलटी झाली आणि मला मागे खेचू लागली. मी घाबरलो. पडू नये म्हणून हाताला लागलं ते सर्व ताकदीनिशी धरलं, आणि तो विल्सनचा उजवा दंड होता. ज्या मुठीवर गाडीच्या वेगाचं नियंत्रण असतं तीच मूठ माझ्या ओढण्याने पिळली गेली. इंजिन ओरडलं, मागचं चाक शेवाळावर जागच्या जागी फिरलं आणि आम्ही उजव्या अंगावर कोसळलो. त्याचं मनगट हँडल आणि कडेचा दगड यांच्यामध्ये सापडलं. मी त्याच्यावर पडलो, म्हणून मला फारसं लागलं नाही.

“पप्पा, तुम्हाला लागलं का?” हे त्याचे पहिले शब्द.

छत्री केव्हाच दरीतल्या कारवीत गेली होती. चादर चिखलात होती. ती बाळूपर्यंत पोचली नाही, आणि त्या महिन्यातच बाळू गेला.

पाड्यावरच्या माणसांनी आम्हाला टेम्पोतून खाली आणलं. इस्पितळात रिटा धावत आली तेव्हा विल्सन माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर स्ट्रेचरवर पडलेला होता, डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले. तिने आधी मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, कपाळावरचं खरचटलेलं पाहिलं, आणि मग दातओठ खात विचारलं, “वेगात होता ना?”

प्रश्न तिनेच तयार करून आणला होता. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कसे पडलात. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी जे काही होतं ते त्या क्षणी जाऊ नये असं मला वाटलं, आणि माझ्या तोंडून चार शब्द गेले. थोडा वेगात होता तो.

विल्सनने ते ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, एखाद्याने सांगितलेला पत्ता नीट कळला नाही की आपण त्याच्याकडे पाहतो तसं. मग तो छताकडे पाहू लागला.

आठवड्याभरात माझ्या ‘थोडा’ या शब्दाचा कुठे मागमूस राहिला नाही. विचारपूस करायला आलेल्यांनी साठ, ऐंशी असे आकडे आपापल्या मनाने लावले. त्याच्या मनगटात धातूची पट्टी बसवली गेली, हाडं जुळली, पण बोटांतलं ते जाणतेपण परत आलं नाही. कानस सुटली. त्याच कारखान्यात तो आता कोठाराचं दार सांभाळतो, कोणाला काय हवं ते डाव्या हाताने काढून देतो. छत्रीचं रिटाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, रिक्षात विसरलो. एका असत्याला राखायला दुसरं ठेवावं लागतं, हे मी मुलांना किती वर्षं शिकवत होतो.

मी प्रायश्चित्त संस्काराला गेलो नाही असं नाही. जाळीपलीकडून फादरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, क्षमेचे शब्द उच्चारले आणि मग हळू आवाजात म्हणाले, “देवाचं झालं, गुरुजी. आता घरी सांगा.” त्यानंतरही मी तीन वर्षं घालवली.

यंदा माझी नात शेरिल अठराची झाली आणि तिने स्कूटर शिकायचा ध्यास घेतला, तोही डॅडीकडूनच. एका रविवारी जेवताना तिने विषय काढला तसं रिटाच्या हातातला डाव वाजला. “डॅडीकडून? मनगट गेलं, तेवढं पुरे झालं नाही? याच्यामागे तू बसायचं पण नाही, शिकायचं कुठलं.” विल्सन खाली मान घालून माशाचे काटे काढत होता, डाव्या हाताने, अजूनही थोडे चुकत. काटे काढणाऱ्या त्या बोटांकडे पाहता पाहता मी बोलू लागलो. छत्रीचं, चादरीचं, त्याच्या दंडाचं, इस्पितळातल्या चार शब्दांचं, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

रिटाने हातातला डाव खाली ठेवला. मग तिने फार मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला. “पप्पा, तुमच्याकडे छत्री नव्हतीच. मी स्वतः रेनकोटची बटणं लावली होती. छत्री तुम्ही रिक्षात विसरलात, आठवतं ना?” आणि तिचा चेहरा एकदम बदलला. ती विल्सनकडे वळली. “तू सांगितलंस ना त्यांना असं बोलायला? शेरिलला शिकवायचं म्हणून? या वयात त्यांच्या तोंडून खोटं वदवतोस?”

“मम्मी, आजोबा स्वतः सांगतायत,” शेरिल म्हणाली.

“आजोबांना सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही.”

मी विल्सनकडे पाहिलं. आता तरी तो म्हणेल, हो, हेच खरं. त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, “पप्पांचा काही गोंधळ होतोय. छत्री नव्हती. रस्ता खराब होता, मी पण जरा जोरात घेतली.”

खरं बोलणं आपल्या हातात असतं असं मी आयुष्यभर मानत आलो. ते समोरच्याने खरं म्हणून घेणं आपल्या हातात नसतं, एवढी साधी गोष्ट मला ऐंशीच्या उंबरठ्यावर माझ्याच ताटापाशी कळली.

संध्याकाळी वाडीत तो केळीची सुकलेली पानं छाटत होता. डाव्या हातात कोयता, उजव्याने पान नुसतं टेकवून धरलेलं. मी विचारलं, “असं का केलंस?”

त्याने हातातलं पान छाटून खाली टाकलं. “ती तुमच्यावर चिडली तर तुमचं बघणार कोण पप्पा? माझ्यावर चिडायची तिला सवय आहे.” मग हसला. “आणि तुम्ही बोललात ना आज. मी ऐकलं.” त्याच्या त्या हसण्यात मला सहा वर्षांनी इस्पितळातली तीच नजर पुन्हा दिसली. त्याला सगळं कळलेलं होतं आणि त्याने मला केव्हाच माफही केलं होतं, पण त्या माफीने त्याच्या नावावरचा डाग तसूभरही हलत नव्हता. शेरिल अजून स्कूटर शिकलेली नाही.

म्हणून हे लिहून काढलं. पण मोबाईलवर लिहिणं मला जमत नाही. मी वहीत लिहितो आणि दुपारची भांडी आवरल्यावर रिटाच ते मोबाईलवर टंकून देते. जाता जाता ऱ्हस्वदीर्घ सुधारते, लांबलेलं वाक्य तोडते, आणि एखादा मजकूर माझ्या वयाला शोभत नाही असं वाटलं तर न विचारता गाळतेही. नंतर म्हणते, “पप्पा, ते बरं दिसत नव्हतं.” मी आजवर कधी हरकत घेतली नाही. उद्या ही वही तिच्याकडे जाईल. वाचताना मी समोर बसलो तर ती माझा चेहरा पाहील, अक्षरं पाहणार नाही. त्यापेक्षा उठून वाडीत जावं हे बरं. विल्सन तिथे असेल. या वेळी तुम्ही इथे कसे पप्पा, असं तो विचारील, आणि त्याला काय सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही.