नाड्यांचा शनिवार

आमच्या खालच्या मजल्यावर माझे धाकटे काका-काकू राहायचे. काका बोटीवर स्वयंपाकी होते, म्हणून अख्खी इमारत त्यांना 'बोटवाले' म्हणायची. पुढे त्यांनी बोट सोडली, एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नोकरी धरली, तिथेही मुरले, तरी नाव काही सुटलं नाही. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचा पत्ता न बघता विचारायचा, "बोटवाल्यांचं ना हे?"

नाव सुटलं नाही, तशा सवयीही सुटल्या नाहीत. गॅससमोर काका पाय फाकवून उभे राहायचे. ताटाखाली ओलं फडकं अंथरल्याशिवाय वाढायचे नाहीत, का तर बोट कलली की ताट घसरतं. पेला कधी काठोकाठ भरायचे नाहीत.

"अहो, जमीन हलत नाहीये," काकू म्हणायची.

"आत्ता नाही हलत. पण तिचा काय भरवसा?"

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती अनोळखी माणसांशी गोड बोलायची आणि घरी आली की तो सगळा गोडवा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची. स्वयंपाकघर तिचं होतं. चाळीस-चाळीस खलाशांना जेवू घातलेल्या माणसाला तिथे साधा चहाही परवानगी घेऊन करावा लागे. "तुम्ही पसारा फार करता," एवढं एकच कारण ती द्यायची, आणि ते खरं होतं.

फक्त शनिवारी तिची पाळी संध्याकाळी उशिरा सुटायची. त्या दिवशी स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात असे आणि आमच्या नाकाला ते वरच्या मजल्यावरच कळे. मी जिने उतरून धावायचे. दादा, म्हणजे काकांचा मुलगा, आधीच स्टुलावर चढून बसलेला असायचा.

काका क्रीममधला पास्ता करायचे. त्यात कोळंबी, माकूल म्हणजे स्क्विड, आणि बाजारात बरे मिळाले तर शिंपले. पास्ता चपट्या लांब पट्ट्यांचा असायचा. काकूने पहिल्यांदा तो पातेल्यात पाहिला तेव्हा ती म्हणाली होती, "हे काय, परकराच्या नाड्या शिजवताय?" तेव्हापासून आमच्या घरात त्या पदार्थाला दुसरं नाव उरलं नाही. "आज नाड्या का?" असं मी दारातूनच ओरडायचे.

बोटीवर असताना एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याने त्यांना तो शिकवला होता. समुद्र खवळला की चूल फार वेळ पेटती ठेवता येत नसे. भांडी बांधून ठेवायची, पाणी उकळेपर्यंत बाकीची तयारी करायची आणि लाटांचा जोर जरा ओसरला की एका दमात जेवण उतरवायचं. म्हणून काका तो अजूनही वादळात सापडल्यासारखाच करायचे.

"पाणी खारट कर. अजून. समुद्राने ओळखलं पाहिजे त्याला!" हे माझ्यासाठी. "आणि तू, तो काळा दोरा नीट काढ, कोळंबीला गुदगुल्या नको करूस." हे दादासाठी.

पास्ता पाण्यात पडला की दुसऱ्या बाजूला कढई तापायची. कोळंबी या अंगावरून त्या अंगावर करायची, गुलाबी झाली रे झाली की बाहेर. माकूल तर नुसतं कढईला भेटून यायचं, जास्त थांबलं की रबर होतं. मग त्याच कढईत लोणी, लसूण, आणि लसणाचा रंग बदलायच्या आत क्रीम. इथे मात्र काका एकदम संथ व्हायचे. आच मंद करायचे, आवाजही खाली आणायचे. "बाकी सगळ्याला घाई चालते. क्रीमला नाही चालत. ते रुसतं." मग पास्त्याचं थोडं पाणी, किसलेलं चीज, पास्ता, वर कोळंबी परत. गॅस बंद केल्यावर लिंबू आणि मिरपूड. तेवढ्यात जिन्यात काकूच्या चपला वाजायच्या.

आणि काकू एक घासही खायची नाही.

"दुधात मासे?" ती पदर नाकाला लावायची. "अंगावर पांढरे डाग उठतील. माझ्या आजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"कुणाच्या अंगावर पाहिलंय?"

"ते नाही सांगितलं तिने. पण पाहिलंय."

काका वाद घालायचे नाहीत. तिच्यासाठी ते दोन अंड्यांचं ऑम्लेट करायचे, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, तिला आवडतं तसं. आम्ही तिघं नाड्या ओढत बसायचो आणि ती ऑम्लेट खात आमच्याकडे अशी बघायची, जणू आमची शेवटची भेट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात गाठून ती आमचे हात उलटसुलट तपासायची. एकदा दादाने मनगटावर टूथपेस्टचे ठिपके लावले आणि "आई गं, बघ ना हे काय झालं!" म्हणून तिच्यापुढे हात केला. काकूची किंकाळी गच्चीपर्यंत गेली. मग तिला पुदिन्याचा वास आला. दादाला एक धपाटा बसला, आणि मग ती स्वतःच पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

वर्षं गेली. दादा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, मी इथेच कामाला लागले. काका निवृत्त झाले. शनिवार मात्र चालू राहिला. काकूही निवृत्त झाली, तरी त्या संध्याकाळी ती मुद्दाम फिरायला जायची, म्हणजे त्यांना पसारा करता यावा.

मग एका वर्षी काकांना ताप आला. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. ताप उतरला, ताकद परत आली, पण वास गेला. सुरुवातीला त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. एकदा मी खाली गेले तर दूध उतू जाऊन गॅसवर करपत होतं, घरभर जळका वास, आणि काका शेजारच्या खुर्चीत शांतपणे पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, "ये गं. चहा टाकू?"

त्यानंतरच्या शनिवारी दादा सुट्टीवर आला होता. काकांनी हौसेने पास्ता केला. पहिला घास तोंडात घातला आणि मी दादाकडे पाहिलं. मीठ दुप्पट होतं आणि कोळंबी शिळी होती. वास त्यांना कळलाच नव्हता. दादा मान खाली घालून चावत राहिला. मीही. काकूने मात्र ऑम्लेट बाजूला सारलं, वाकून आमच्या ताटांचा वास घेतला आणि ताटं उचलून आत नेली.

काका ओल्या फडक्याकडे बघत बसले. "नुसतं गरम आणि गार कळतं मला," ते म्हणाले. "बाकी काही नाही. सगळं कागदासारखं लागतं." मग म्हणाले, "संपलं आता."

मोठं पातेलं माळ्यावर गेलं. काका समोर येईल ते खायचे आणि छान झालंय म्हणायचे. भाजी जळली तरी छान, भात कच्चा राहिला तरी छान. काकूला ते सहन होईना. "भांडत सुद्धा नाहीत गं," ती एकदा माझ्याजवळ म्हणाली. "पसारा नाही, आवाज नाही. घरात पाहुणा ठेवल्यासारखं वाटतं."

एका शनिवारी तिने मला फोन केला. "येताना दोन लिंबं आण." मी गेले तर ओट्यावर कोळंबी, माकूल, क्रीमचा डबा, सगळं मांडलेलं. तिने स्वतः बाजारात जाऊन आणलं होतं.

"अहो, उठा. पातेलं काढा."

"कशाला?"

"भूक लागलीय."

"तू कुठे खातेस हे?"

"खाणार नाही. चाखणार आहे. तुम्ही करायचं, मी सांगायचं." आणि माझ्याकडे वळून, "तू तोंड उघडायचं नाहीस. आम्ही आमचं बघतो."

काकांनी माळ्याखाली स्टूल ओढलं. मग पातेलं काढलं, पाणी ठेवलं, कोळंबी साफ केली. हात सगळं विसरले नव्हते. कढईत लसूण पडला तेव्हा मात्र ते थांबले. आयुष्यभर त्यांनी तो नाकाने ओळखला होता.

"वास सांग," ते म्हणाले.

"लसणाचा येतोय."

"अगं, लसणाचाच येणार! कसला? कच्चा, उग्र?"

काकूने डोळे मिटले. "उग्र. नाकात जातोय." थोडं थांबून, "आता कमी झाला... आता जरा गोडसर... अहो, आता खमंग, आता ओता, ओता लवकर!"

क्रीम पडलं. काकांनी आच मंद केली आणि पळीत थोडं घेऊन तिच्यापुढे धरलं. तिने औषध घ्यावं तसं नाक दाबलं.

"नाक दाबलंस तर मला काय सांगणार?"

तिने नाक सोडलं. देवाचं नाव घेतलं आणि पळी तोंडाला लावली. काका तिच्या चेहऱ्याकडे असे बघत होते, जसे परीक्षेचा निकाल वाचून दाखवणाऱ्या बाईंकडे बघतात.

"मीठ कमी," ती म्हणाली.

काकांनी मीठ टाकलं. तिने पुन्हा चाखलं. "आता बरं आहे. अजून काहीतरी हवंय. आंबट?"

"ते शेवटी," काका म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "लिंबू शेवटी घालायचं. बरोबर ओळखलंस."

त्या दिवशी काकूने चाखता चाखता अख्खं ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत उन्हात उभी राहून दंड तपासत होती. आतून काकांचा आवाज आला, "काही उगवलं का?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण वेळ लागत असेल."

त्यानंतर शनिवारी दोघं ओट्यापाशी शेजारी शेजारी उभे राहायचे. ती सांगायची, ते करायचे. भांडणंही परत आली. "सुगंधी म्हणजे काय? नीट शब्द वापर!" "मग तुम्हीच घ्या वास!" मी कधी जायचे, कधी मुद्दाम जायचे नाही.

एका संध्याकाळी मी लवकर पोहोचले. काकू आत केस विंचरत होती. काकांनी क्रीमचा डबा उघडला, नाकाजवळ नेला, कपाळाला आठी घातली आणि डबा सरळ कचऱ्यात टाकला. फ्रिजमधून दुसरा काढला. मग मागे वळले तर मी दारात. मी कचऱ्यातला डबा उचलून हुंगला. आंबला होता.

"काका! तुम्हाला वास येतो?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. पावसाळ्यापासून यायला लागलाय थोडा थोडा. आता बराच येतो."

"मग काकूला का नाही सांगितलं?"

ते कढई पुसत राहिले. "सांगितलं तर ती फिरायला जाईल ना," म्हणाले.

काकू बाहेर आली. काका पाय फाकवून गॅससमोर उभे राहिले आणि साळसूदपणे म्हणाले, "बघ गं, लसूण कसा वाटतोय?"

मी ते कुणालाही सांगितलं नाही. पुढची काही वर्षं तसंच चाललं आणि मग एका हिवाळ्यात काका झोपेतच गेले. काहीही त्रास न होता. इमारतीतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आपले बोटवाले गेले."

बऱ्याच दिवसांनी काकूकडे बसले होते. ती लसूण सोलत होती. मध्येच म्हणाली, "शेवटी शेवटी त्यांना वास येत होता, माहीत आहे ना तुला?"

मी चपापले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अगं, माणसाचा चेहरा न बघता नुसत्या आवाजावर नोकरी केली मी. आधी 'मीठ बघ गं' म्हणायचे ते घाबरून म्हणायचे. नंतर लाडात म्हणायला लागले." तिने पाकळ्या ठेचल्या. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाले असते, जा आता फिरायला."

तिने गॅस पेटवला. पास्ता ती अजूनही करते, शनिवारीच असं नाही, मनात येईल तेव्हा. दादा बायको-मुलांना घेऊन आला की हमखास. पण तिच्या हातचा वेगळा होतो. लसूण जास्त, मिरपूड भरपूर, माकूल नाही, कारण त्याचे पाय तिला अजून बघवत नाहीत. खाताना मी काकांची ती जुनी चव आठवून बघते, शाळेचा गणवेश न बदलता स्टुलावर बसून खाल्लेली, आणि हल्ली ती मला नीट आठवत नाही. तोंडात काकूचीच चव राहते.

"कसा झालाय?" ती विचारते.

"छान," मी म्हणते.

"नुसतं छान नको म्हणूस," ती म्हणते. "काय कमी आहे ते सांग."